अग्रक्रम ठरविताना किती जणांना विचारावे?

ग्रामविकासाच्या कामांची यादी लांब असते आणि हाती येणारा निधी मर्यादित असतो. पिण्याच्या पाण्याची योजना आधी घ्यावी, वाडीचा रस्ता आधी करावा की शाळेची पडकी खोली आधी बांधावी, हा प्रश्न प्रत्येक ग्रामपंचायतीपुढे दरवर्षी उभा राहतो. राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने, १९९३ पासून, पंचायतींना आर्थिक विकास व सामाजिक न्याय यांचे नियोजन करण्याचे घटनात्मक स्थान मिळाले. महाराष्ट्रात २०१५ पासून 'आमचं गाव, आमचा विकास' या उपक्रमाखाली ग्रामपंचायतींचे विकास आराखडे तयार होऊ लागले. आराखडा म्हटला की अग्रक्रम आला, आणि अग्रक्रम म्हटला की तो कोणाच्या मताने व किती जणांच्या मताने ठरला, हा प्रश्न ओघानेच येतो.

गावातील चार वजनदार माणसांनी ठरविलेला क्रम सर्व गावाचा म्हणून नोंदला जाण्याचा धोका असतो. उलट, शेकडो छापील प्रश्नपत्रिका भरून घेतल्या म्हणजे निर्णय आपोआप शास्त्रशुद्ध होतो, अशीही एक समजूत आढळते. या दोन्हींपासून दूर राहण्यासाठी पाहणीचा नमुना किती मोठा असावा, हे ठरविण्याची रीत समजून घेणे आवश्यक आहे.

पद्धतीचे स्वरूप

अनेक निकष लावून अग्रक्रम ठरविण्याची जी पद्धत जगभर वापरली जाते, ती 'अ‍ॅनालिटिक हायरार्की प्रोसेस' या नावाने प्रसिद्ध आहे. इराकमधील मोसूल येथे १९२६ साली जन्मलेले अमेरिकी गणितज्ञ टॉमस सॅटी यांनी ती विकसित केली. १९७७ साली त्यांचा मूळ शोधनिबंध आणि १९८० साली या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. मराठीत तिला 'उतरंड पद्धती' म्हणता येईल. उतरंडीत एकावर एक मडकी रचलेली असतात, त्याप्रमाणे येथे वरच्या पायरीवर उद्दिष्ट, त्याखाली निकष आणि सर्वांत खाली पर्यायी कामे अशी मांडणी केली जाते.

प्रत्येक पायरीवर दोन-दोन गोष्टींची तुलना करावयाची, हे या पद्धतीचे मर्म आहे. दहा कामांना एकदम क्रम लावणे मनाला जड जाते. परंतु 'पाणी आणि रस्ता यांत अधिक महत्त्वाचे काय, आणि किती पटीने?' या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांना देता येते. दोन्ही सारखीच महत्त्वाची असतील तर १, एक दुसऱ्यापेक्षा थोडे अधिक महत्त्वाचे असेल तर ३, बरेच अधिक असेल तर ५, फारच अधिक असेल तर ७ आणि कमालीचे अधिक असेल तर ९ असे अंक दिले जातात. मधल्या मतांसाठी २, ४, ६, ८ हे अंक असतात. अशा सर्व जोडीतुलनांवरून प्रत्येक कामाचा भारांक काढतात. सर्व भारांकांची बेरीज सोयीसाठी १०० धरता येते.

एक साधे उदाहरण

समजा, एका ग्रामस्थाने पुढीलप्रमाणे मत दिले : पाणी हे शाळाखोलीच्या २ पट, शाळाखोली रस्त्याच्या ३ पट आणि पाणी रस्त्याच्या ४ पट महत्त्वाचे. या मतांवरून हिशेब केल्यास पाण्याचा भारांक ५६, शाळाखोलीचा ३२ आणि रस्त्याचा १२ येतो.

पहिली दोन मते काटेकोरपणे धरली तर पाणी रस्त्याच्या ६ पट व्हावयास हवे होते. ग्रामस्थाने मात्र ४ पट म्हटले. माणसाच्या मतात एवढा फरक स्वाभाविकच असतो. तो किती चालवून घ्यावा यासाठी सॅटी यांनी 'सुसंगती गुणोत्तर' हे माप दिले. ते ०.१० पर्यंत असल्यास मते सुसंगत मानली जातात. वरील उदाहरणात ते सुमारे ०.०२ आहे, म्हणजे मत सुसंगत आहे. याउलट एखाद्याने पाणी शाळेच्या ३ पट, शाळा रस्त्याच्या ३ पट आणि पुन्हा रस्ता पाण्याच्या २ पट महत्त्वाचा असे सांगितले, तर हे गुणोत्तर ०.८६ येते. अशा उत्तरात पाणी शाळेच्या वर, शाळा रस्त्याच्या वर आणि रस्ता पाण्याच्या वर जातो. क्रम लावावयास जागाच उरत नाही.

पर्याय वाढले की जोड्या झपाट्याने वाढतात, हेही ध्यानात घ्यावे. ४ कामे असतील तर ६ जोड्या, ५ असतील तर १०, ७ असतील तर २१ आणि १० असतील तर ४५ जोड्या होतात. पंचेचाळिसाव्या प्रश्नापर्यंत उत्तर देणारा थकलेला असतो आणि थकलेल्या माणसाची उत्तरे विसंगत होतात. म्हणून एका पायरीवर शक्यतो सातांहून अधिक गोष्टी ठेवू नयेत. उत्तरदात्यांची संख्या वाढविण्याचा विचार करण्यापूर्वी प्रश्नांची संख्या घटविण्याचा विचार करावा, हे उत्तम.

प्रथम प्रश्न : मत कोणाचे हवे?

'नमुना किती घ्यावा?' या प्रश्नाच्या आधी 'मत कोणाचे हवे?' हा प्रश्न येतो. या पद्धतीने होणाऱ्या पाहण्या दोन प्रकारच्या असतात आणि दोहोंचे नियम वेगळे आहेत.

पहिला प्रकार ज्ञानाचा. विहिरीसाठी जागा निवडताना खडकाचा प्रकार, भूजलाची पातळी, उतार, नाल्यापासूनचे अंतर यांना किती महत्त्व द्यावे, हे भूवैज्ञानिक, अभियंता आणि त्या शिवारातील जुने जाणते विहीर खोदणारे सांगू शकतात. असा प्रश्न पाचशे लोकांना विचारल्याने उत्तर अधिक खरे होत नाही.

दुसरा प्रकार पसंतीचा. उपलब्ध निधीतून पाणी आधी की रस्ता आधी, हा प्रश्न ज्यांचे जीवन त्या निर्णयाने बदलणार आहे त्यांचा आहे. येथे तज्ज्ञाचे मत ग्रामस्थाच्या मतापेक्षा श्रेष्ठ मानण्याचे कारण नाही. संपूर्ण गावाचे मत जाणावयाचे असेल तर नमुना पाहणीचे नियम पाळलेच पाहिजेत.

या दोहोंची गल्लत झाली म्हणजे दोन प्रकारच्या चुका होतात. पसंतीचा प्रश्न सात-आठ अधिकाऱ्यांना विचारून त्याला 'तज्ज्ञमत' म्हटले जाते, किंवा ज्ञानाचा प्रश्न गावभर विचारून त्याला 'लोकमत' म्हटले जाते.

तज्ज्ञांची संख्या

उतरंड पद्धती मुळात निर्णय घेणाऱ्या छोट्या गटासाठी निर्माण झाली. तिच्या गणितात उत्तरदात्यांची किमान संख्या कोठेही सांगितलेली नाही. एका व्यक्तीच्या मतांवरूनही भारांक काढता येतात. त्यामुळे तज्ज्ञांच्या बाबतीत संख्येचे सूत्र शोधीत बसू नये. विषयाच्या किती बाजू आहेत ते पाहावे आणि प्रत्येक बाजूचे निदान दोन जाणकार घ्यावेत. पाच ते पंधरा जाणकारांत बहुतेक कामे भागतात.

संख्या पुरेशी झाली की नाही, हे पाहण्याची सोपी कसोटी आहे. एकेका तज्ज्ञाचे मत क्रमाने वगळून हिशेब पुन्हा करावा. कोणालाही वगळले तरी पहिला क्रम कायम राहत असेल, तर गट पुरेसा आहे. एका व्यक्तीला वगळताच पहिला क्रमांक बदलत असेल, तर तो निर्णय गटाचा नसून त्या एका व्यक्तीचा आहे, असे समजावे. आणखी जाणकार घ्यावेत किंवा सर्वांना एकत्र बसवून मतभेदाचे कारण शोधावे.

लोकमताच्या पाहणीतील संख्या

गावाची पसंती जाणावयाची असेल, तेव्हा नमुन्याचा आकार तीन गोष्टींवर अवलंबून असतो : लोकांची मते एकमेकांपासून किती दूर आहेत, उत्तरात किती चूक चालेल आणि आपल्या निष्कर्षाबद्दल किती खात्री हवी.

सर्व गाव एकमताचे असेल तर दहा जणांना विचारले काय आणि शंभर जणांना विचारले काय, उत्तर एकच. मते जितकी विखुरलेली, तितका नमुना मोठा हवा. हा विखुरलेपणा 'प्रमाण विचलन' या मापाने मोजतात. तो आधी माहीत नसतो; म्हणून वीस-पंचवीस जणांची लहान पूर्वपाहणी करावी. तीत प्रश्न लोकांना समजतात की नाही हेही कळून येते.

समजा, पूर्वपाहणीत पाण्याचा सरासरी भारांक ४० आणि प्रमाण विचलन १५ आले. मुख्य पाहणीत ३ अंकांपर्यंत चूक चालेल आणि खात्री शंभरात ९५ वेळा हवी. अशा वेळी १.९६ ला १५ ने गुणावे, गुणाकारास ३ ने भागावे आणि येणाऱ्या ९.८ या संख्येचा वर्ग करावा. उत्तर ९६.०४, म्हणजे ९७ उत्तरदाते. चूक ५ अंकांपर्यंत चालणार असेल तर ३५ पुरतात. २ अंकांपर्यंतच चालणार असेल तर २१७ लागतात. चूक निम्मी करावयाची तर नमुना चौपट करावा लागतो, हा या हिशेबातील मुख्य नियम होय. तो खर्चाचाही नियम आहे.

गाव लहान असेल तर ही संख्या थोडी कमी होते. ४०० कुटुंबांच्या गावासाठी ९६ ला ४०० ने भागून त्यात १ मिळवावा, येणाऱ्या १.२४ ने ९७ ला भागावे. उत्तर ७९ येते. हाच हिशेब १,२०० कुटुंबांच्या गावासाठी ९०, तर १२,००० कुटुंबांच्या शहरासाठी ९७ दाखवितो. वस्ती तीसपट झाली तरी नमुना ७९ वरून ९७ वरच जातो. 'लोकसंख्येच्या दहा टक्के नमुना घ्यावा' हा रूढ संकेत त्यामुळे निराधार ठरतो. तो लहान गावात अपुरा पडतो आणि मोठ्या शहरात पैसा वाया घालवितो.

३८४ चा आकडा

अनेक पाहणी अहवालांत ३८४ हा नमुन्याचा आकडा आढळतो. तो चुकीचा नाही, पण तो दुसऱ्या प्रश्नाचा आहे. 'किती टक्के लोक होय म्हणतात?' अशा प्रश्नात, मते निम्मीनिम्मी विभागलेली असण्याची शक्यता गृहीत धरून, ५ टक्के चूक आणि ९५ टक्के खात्री ठेवल्यास तो येतो. उतरंड पद्धतीत टक्केवारीऐवजी भारांकांची सरासरी काढावयाची असते. तिचा नमुना तिच्या स्वतःच्या विखुरलेपणावरून ठरवावा. ४०० कुटुंबांच्या गावात ३८४ कुटुंबांना विचारणे म्हणजे जवळजवळ खानेसुमारीच होय. तेवढ्या श्रमात ७९ कुटुंबांकडे दोनदा शांतपणे बसून प्रश्न समजावून सांगता येतात.

लहान वाडीचा आवाज

आतापर्यंतच्या हिशेबात सर्व गाव एक धरले. प्रत्यक्षात गाव एक नसते. समजा, वरील ४०० कुटुंबांपैकी २८० मुख्य गावठाणात, ८० एका वाडीत आणि ४० दूरच्या वस्तीवर राहतात. गावठाणात नळ आहे. वस्तीवरील स्त्रिया डोक्यावरून पाणी आणतात. ७९ चा नमुना कुटुंबांच्या प्रमाणात वाटला तर गावठाणातून ५५, वाडीतून १६ आणि वस्तीवरून अवघी ८ कुटुंबे येतात. आठ उत्तरांवरून वस्तीचे मत भरवशाने सांगता येत नाही आणि गावाच्या सरासरीत ते बुडून जाते.

आता प्रत्येक भागाचे मत ५ अंकांच्या चुकीपर्यंत स्वतंत्रपणे जाणावयाचे ठरविले आणि प्रत्येक भागातील प्रमाण विचलन १५ धरले, तर गावठाणातून ३२, वाडीतून २५ आणि वस्तीवरून १९ कुटुंबे घ्यावी लागतात. एकूण बेरीज ७६ होते, म्हणजे खर्च वाढत नाही. संपूर्ण गावाचा भारांक काढताना प्रत्येक भागाला त्याच्या कुटुंबसंख्येच्या प्रमाणात वजन द्यावे. तसे केल्यास गावाच्या एकूण उत्तरातील चूक ३ अंकांवरून सुमारे ३.६ अंकांपर्यंत वाढते. अर्ध्या अंकाहून थोड्या अधिक अचूकतेच्या मोबदल्यात तिन्ही वस्त्यांचे म्हणणे वेगवेगळे ऐकू येते. नमुन्याचे वाटप कसे केले, हे नमुना किती मोठा याइतकेच महत्त्वाचे का असते, ते यावरून स्पष्ट व्हावे.

कुटुंब निवडल्यावर घरातील कोणाला विचारावयाचे, हाही निवडीचाच भाग आहे. दारात येणाऱ्या कर्त्या पुरुषाला विचारून परतल्यास पाणी कोण भरते आणि रस्त्याचा उपयोग कोण करतो, हा भेद पुसला जातो. एका घरी पुरुष व पुढच्या घरी स्त्री असा क्रम आधीच ठरवून घ्यावा किंवा घरातील प्रौढ व्यक्तींमधून चिठ्ठी काढावी.

पाहणी एका गावाची नसून तालुक्याची असेल, तर आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. काही गावे निवडून प्रत्येकात दहा-दहा जणांना विचारले, तर एकाच गावातील दहा जणांची मते बरीचशी सारखी असतात. त्या दहा साक्षी खऱ्या अर्थाने दहा नसतात. गावातल्या गावात मतांचे साम्य ०.१ एवढे अल्प असले तरी नमुना १.९ पट घ्यावा लागतो, म्हणजे ९७ ऐवजी १८५. त्यापेक्षा अधिक गावे निवडून प्रत्येक गावात थोड्या जणांना विचारणे श्रेयस्कर.

सरासरीत लपणारा मतभेद

अनेकांची मते एकत्र करताना साधी सरासरी घेऊ नये. समजा, एकाने पाणी रस्त्याच्या ३ पट सांगितले आणि दुसऱ्याने रस्ता पाण्याच्या ३ पट सांगितला. दोघांची मते बरोबर उलट आहेत. एकत्रित उत्तर 'समसमान' यावयास हवे. परंतु ३ आणि एक-तृतीयांश यांची साधी सरासरी १.६७ येते, म्हणजे पाण्याचे पारडे उगाच जड होते. प्रश्न उलटा विचारला तर तेवढेच रस्त्याचे जड होते. म्हणून येथे मतांचा गुणाकार करून त्याचे मूळ काढतात. यालाच भूमितीय मध्य म्हणतात. ३ आणि एक-तृतीयांश यांचा गुणाकार १ आणि त्याचे वर्गमूळही १. याच रीतीचे गणिती समर्थन आत्सेल व सॅटी यांनी १९८३ साली मांडले.

तथापि, या रीतीनेही एक गोष्ट लपते. निम्म्या गावाने पाणी ५ पट आणि निम्म्या गावाने रस्ता ५ पट म्हटले, तर एकत्रित उत्तर 'दोन्ही सारखेच' असे येईल. प्रत्यक्षात 'दोन्ही सारखेच' असे गावात एकानेही म्हटलेले नसते. नमुना दुप्पट केला तरी हे उत्तर बदलणार नाही. म्हणून एकत्रित भारांकासोबत मतांचा विखुरलेपणा आणि प्रत्येक वस्तीचे वेगळे भारांक अहवालात दिलेच पाहिजेत.

याहून मोठा धोका निष्काळजीपणे भरलेल्या प्रश्नपत्रिकांचा आहे. शेकडो जणांनी प्रश्न न समजता वाटेल तेथे खुणा केल्या, तर उलटसुलट मते एकमेकांना छेदतात आणि प्रत्येक जोडीचे एकत्रित उत्तर १ च्या जवळ येते. सर्व कामांचे भारांक जवळजवळ सारखे होतात आणि एकत्रित तक्त्याचे सुसंगती गुणोत्तर अत्यंत चांगले दिसते. नमुना जितका मोठा, तितका हा देखावा अधिक निर्दोष. म्हणून सुसंगती एकत्रित तक्त्यावर न तपासता प्रत्येक उत्तरदात्याच्या उत्तरांवर तपासावी.

विसंगत उत्तरांचे काय करावे?

सुसंगती गुणोत्तर ०.१० हून अधिक असलेल्या प्रश्नपत्रिका बाद कराव्यात, असा प्रघात आहे. चौथा हिस्सा बाद होईल असे गृहीत धरून ९७ ऐवजी १३० जणांना विचारावे, असा सल्लाही दिला जातो. गणित म्हणून तो बरोबर आहे. परंतु बाद होणारे कोण, हेही पाहिले पाहिजे. छापील तक्ते व 'किती पट' ही भाषा ज्यांच्या सवयीची नाही, त्यांची उत्तरे अधिक प्रमाणात विसंगत ठरण्याचा संभव असतो. शाळेत न गेलेली म्हातारी माणसे, मजुरीहून थकून आलेल्या स्त्रिया यांची मते अशा रीतीने गळून जातात आणि उरलेला नमुना सुशिक्षितांचा होतो. नमुन्याची संख्या भरलेली दिसते, पण गाव अर्धे वगळलेले असते.

म्हणून विसंगत उत्तर प्रथम बाद न करता पुन्हा विचारावे. ज्या जोडीत घोटाळा आहे तेवढीच पुढे ठेवून, 'मघाशी आपण असे म्हणालात, आता असे म्हणता. यांतले कोणते धरावे?' असे आदराने विचारल्यास बहुतेक वेळा उलगडा होतो. अक्षरओळख नसलेल्यांसाठी दहा चिंचोके द्यावेत आणि दोन कामांच्या चित्रांपुढे ते वाटून ठेवण्यास सांगावे. पाच-पाच ठेवले तर महत्त्व सारखे. आठ आणि दोन ठेवले तर चौपट. नऊ आणि एक ठेवले तर नऊपट. पद्धतीचा अंक आपोआप मिळतो.

महालनोबीस आणि सुखात्मे यांचा धडा

संख्येपेक्षा रीत महत्त्वाची, हा धडा भारतीय संख्याशास्त्राने फार पूर्वी दिलेला आहे. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३७ पासून बंगालमध्ये तागाच्या क्षेत्राच्या नमुना पाहण्या केल्या. एकदम मोठी पाहणी हाती न घेता लहान पाहणीतून चूक व खर्च यांचा अंदाज घेऊन ती टप्प्याटप्प्याने वाढविण्याची त्यांची रीत होती. नमुन्याचे स्वतंत्र भाग पाडून ते वेगवेगळ्या पथकांकडे सोपविण्याची युक्तीही त्यांनीच रूढ केली. पथकांचे निष्कर्ष जुळले तर विश्वास ठेवावा. न जुळले तर दोष नमुन्याच्या आकारात नसून कामाच्या पद्धतीत आहे असे समजावे. १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीस याच परंपरेचा आधार लाभला.

सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पीक कापणी प्रयोगांच्या संदर्भात दुसरी बाजू दाखवून दिली. उभ्या पिकातील अगदी लहान तुकडा मोजून उत्पन्नाचा अंदाज केला, तर तो वास्तवापेक्षा अधिक येतो, हे त्यांनी १९४६ साली सप्रमाण मांडले. तुकड्याच्या सीमेवरील रोपे आत धरण्याकडे मापकाचा कल असतो आणि तुकडा जितका लहान, तितका सीमेचा परिणाम मोठा. असे तुकडे हजारोंनी मोजले तरी ही चूक घटत नाही, कारण प्रत्येक तुकड्यात ती एकाच दिशेने होत असते.

मतांच्या पाहणीतही हेच घडते. गावठाणातच विचारणे, पुरुषांनाच विचारणे किंवा सरपंचांच्या समक्ष विचारणे, ही सर्व एका दिशेने होणारी चूक होय. नमुना वाढविल्याने ती कमी न होता पक्की होते.

कार्यपद्धती

प्रत्यक्ष काम करणाऱ्या ग्रामसेवक, शिक्षक व पंचायत सदस्यांना पुढील क्रम उपयोगी पडेल :

१. प्रश्न ज्ञानाचा आहे की पसंतीचा, हे प्रथम लिहून काढावे.

२. तुलना करावयाची कामे चार-पाचांपर्यंत आणावीत.

३. कुटुंबांची अद्ययावत यादी वस्तीनिहाय करावी. यादीत नसलेल्या घरांचा, विशेषतः शेतावर व गायरानाच्या कडेला राहणाऱ्यांचा, मुद्दाम शोध घ्यावा.

४. वीस-पंचवीस जणांची पूर्वपाहणी करून प्रमाण विचलन काढावे.

५. किती चूक चालेल हे निर्णयाकडे पाहून ठरवावे आणि त्यावरून प्रत्येक वस्तीचा नमुना काढावा.

६. घरांची निवड चिठ्ठ्या टाकून करावी. निवडलेले घर बंद असल्यास शेजारचे न घेता पुन्हा जावे.

७. नमुन्याचे दोन भाग करून ते दोन पथकांकडे द्यावेत आणि दोघांचे भारांक ताडून पाहावेत.

८. विसंगत उत्तरे पुन्हा विचारावीत. तरीही बाद कराव्या लागलेल्या उत्तरांची संख्या व त्यांची वस्ती अहवालात नोंदवावी.

पाचव्या कलमाबद्दल थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. पाण्याचा भारांक ४० आणि रस्त्याचा २२ असेल, तर ५ अंकांच्या चुकीनेही पहिला क्रम बदलण्याची भीती नसते. ३५ उत्तरे पुरतात. परंतु एकाचा २९ आणि दुसऱ्याचा २७ असेल, तर प्रत्येक भारांक १ अंकापर्यंत अचूक हवा, आणि त्यासाठी सूत्राप्रमाणे ८६५ उत्तरदाते लागतील. ४०० कुटुंबांच्या गावात ते आणावयाचे कोठून? अशा वेळी दोन्ही कामांना गावाची पसंती सारखीच आहे असे प्रामाणिकपणे नोंदवावे आणि खर्च, जागा व तातडी पाहून ग्रामसभेने निर्णय घ्यावा. दोन अंकांच्या फरकावर क्रम लावून तो 'शास्त्रीय निष्कर्ष' म्हणून पुढे करणे उचित नव्हे.

ग्रामसभेचे स्थान

उतरंड पद्धती ग्रामसभेची जागा घेऊ शकत नाही. सभेत जे बोलत नाहीत, ज्यांना त्या दिवशी मजुरी बुडवून येता येत नाही, ज्यांची वस्ती दूर आहे, त्यांचे म्हणणे सभेपुढे ठेवण्याचे ती एक साधन आहे. सभेत पाहणीचे भारांक वस्तीनिहाय वाचून दाखविले, किती जणांना विचारले व कसे निवडले हे सांगितले, तर चर्चेला आधार मिळतो आणि निर्णयाचा हिशेब कोणालाही मागता येतो.

किती जणांना विचारावे, या प्रश्नाला सर्व गावांना लागू पडेल असा एक आकडा नाही. काही ठिकाणी सात जाणकार पुरतील, काही ठिकाणी पाऊणशे कुटुंबे लागतील. वर दिलेला हिशेब चौथीपाचवीच्या गुणाकार-भागाकारापलीकडचा नाही; शाळेतील शिक्षक तो सहज करून देऊ शकतात. मात्र तो करण्यापूर्वी कुटुंबांची यादी पूर्ण असली पाहिजे. दूरच्या वस्तीवरील चाळीस घरे यादीतच नसतील, तर पुढचे कोणतेही सूत्र त्यांना पाणी मिळवून देणार नाही.